वेगळं राहायला आलेल्यांचा मुलूख: येट्स काउंटी

मंडळी, न्यूयॉर्क म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांचा कुणीतरी भाचा-पुतण्या तिथे निघतो. पण तो राहतो ते शहर, नाहीतर पलीकडचं न्यू जर्सी. मी आज बोलणार आहे ती येट्स काउंटी त्याच राज्यात असली तरी त्या शहरापासून मोटारीने पाचेक तासांवर आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. पण या अख्ख्या जिल्ह्याची वस्ती २५,००० च्या आसपास आहे. आपल्याकडे एखाद्या बाजारगावात याहून जास्त माणसं असतात.

हिमनद्यांनी खरवडून काढलेली अकरा लांबोडकी सरोवरं त्या भागात उत्तर-दक्षिण पसरली आहेत. त्यांना ‘फिंगर लेक्स’ म्हणतात. येट्सच्या पूर्वेला त्यांतलं सेनेका आहे, १८८ मीटर खोल. मधोमध क्यूका आहे. बाकीची सरोवरं सरळसोट आहेत, पण याला दोन फाटे फुटले आहेत. क्यूकाचं पाणी सेनेकापेक्षा ऐंशीएक मीटर उंचावर. त्यातून निघालेला ओढा दहा-अकरा किलोमीटरांत ही सगळी उंची उतरून सेनेकाला मिळतो. पिठाच्या गिरण्या, कागदाचे कारखाने, पुढे एक कालवा, रेल्वे, सगळं त्या ओढ्याच्या काठाने आलं आणि गेलं. आता तिथे लोक सकाळी फिरायला जातात.

ही भूमी मुळात सेनेका या मूलनिवासी लोकांची. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या फौजेने त्यांच्या आणि त्यांच्या बंधुराष्ट्रांच्या चाळीसहून अधिक वस्त्या, मक्याची शेतं आणि फळबागा जाळल्या. त्यानंतर जे गोरे वसाहतकरी आले, त्यांच्या शौर्यकथा तिकडे पुष्कळ सांगतात. त्या ऐकताना ही जळालेली शेतं विसरायची नाहीत.

पहिले आले त्यांची गोष्ट विलक्षण आहे. ऱ्होड आयलंडमध्ये १७५२ साली एका क्वेकर, म्हणजे साधेपणा आणि शांतता मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, शेतकऱ्याच्या घरी जेमायमा विल्किन्सन नावाची मुलगी जन्मली. १७७६ मध्ये तिला कडक ताप आला. तापातून उठल्यावर तिने जाहीर केलं, की जेमायमा मेली. या देहात आता देवाने पाठवलेला आत्मा आहे, जो ना स्त्री ना पुरुष. नाव ‘पब्लिक युनिव्हर्सल फ्रेंड’. सगळ्यांचा मित्र म्हणा. जुन्या नावाला ओ द्यायचं तेव्हापासून बंद झालं. अंगात पाद्र्यासारखा झगा, गावोगाव प्रवचनं, गुलामगिरीला विरोध, ब्रह्मचर्याची शिकवण. आपल्याकडच्या संतपरंपरेत वाढलेल्या माणसाला यात फारसं अचंबा वाटण्याजोगं काही नाही. तिकडच्या समाजाला मात्र ते पचलं नाही. शहरांत दगड पडायला लागले तेव्हा अनुयायांनी ठरवलं, आपलं वेगळं गाव वसवायचं. १७८८ मध्ये पहिली तुकडी सेनेकाच्या काठी पोचली, गहू पेरला, ओढ्यावर गिरणी बांधली. १७९० मध्ये फ्रेंड स्वतः तिथे राहायला आले.

जगापासून दूर गेलं की भांडणंही मागे राहतात असं त्यांना वाटलं असणार. झालं उलटं. सरकारी मोजणीत हद्दीचा घोळ निघाला. अनुयायांमधल्या पैसेवाल्यांनी जमिनी स्वतःच्या नावावर केल्या. मग फाटाफूट, कोर्टकचेरी, खुद्द फ्रेंडवर ईश्वरनिंदेचा आरोप. तो टिकला नाही. फ्रेंडनी पश्चिमेला क्यूकाच्या बाजूला नवी वस्ती केली, तिला जेरुसलेम म्हटलं, आणि १८१९ मध्ये तिथेच देह ठेवला. तो वाडा अजून उभा आहे. पंथ संपला, जेरुसलेम हे नाव राहिलं. काउंटी झाली ती त्यानंतर, १८२३ मध्ये.

गंमत पाहा. फ्रेंडच्या पहिल्या वस्तीजवळच्या ड्रेस्डेन गावात १८३३ मध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी रॉबर्ट इंगरसॉल जन्मला. हा पुढे अमेरिकेतला सर्वांत गाजलेला अज्ञेयवादी वक्ता झाला. लोक तिकीट काढून त्याच्या तोंडून धर्मावरची टीका ऐकायला येत. त्याच्या जन्मघराचं आज संग्रहालय आहे.

आता द्राक्षं. एवढ्या थंडीत द्राक्ष जगतं ते सरोवरांच्या खोलीमुळे. खोल पाणी उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यापर्यंत धरून ठेवतं. वसंतात तेच पाणी काठावरची हवा गार ठेवतं, त्यामुळे वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, उशिरा फुटतात आणि शेवटच्या कडाक्यातून वाचतात. म्हणून सगळे मळे उतारावर, पाण्याकडे तोंड करून. १९७० च्या दशकात मोठ्या कंपन्यांची द्राक्षखरेदी घटली आणि बागायतदार अडचणीत आले. १९७६ च्या राज्य कायद्याने बागायतदाराला स्वतःच्या मळ्यात वाइन करून थेट गिऱ्हाइकाला विकायची मुभा सोपी केली. नाशिककरांना पुढची गोष्ट सांगायला नको.

त्याच सुमारास मेनोनाइट आले, साधं शेतकरी आयुष्य जगणारा एक ख्रिस्ती पंथ. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला जमिनीचे भाव शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले होते; इकडे जुनी शेतं ओस पडत होती. हे ग्रॉफडेल शाखेचे लोक घोडागाडीने नाहीतर सायकलने फिरतात, घरात जर्मनची एक बोली बोलतात, मुलांना आठवीपर्यंत स्वतःच्या एकखोली शाळेत शिकवतात. त्यांना सरसकट यंत्रविरोधी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांच्या घरात वीज आहे, फोन आहे. शेतात ट्रॅक्टरही चालतो, फक्त त्याला रबरी टायर नाहीत, लोखंडी चाकं. का? रबरी चाकं असली की उद्या कुणीतरी तो गावात मोटारीसारखा पळवेल, आणि घरं एकमेकांपासून लांब जातील. यंत्र घ्यायचं, पण त्याने शेजार तुटणार असेल तर त्याचा पाय बांधून ठेवायचा. इतका काटेकोर विचार आपण मोबाइल घेताना तरी केला होता का? आज तिथे त्यांची शेकडो कुटुंबं आहेत आणि दुभती जनावरं सांभाळणाऱ्यांत तीच पुढे आहेत.

म्हणजे पाहा, जो आला तो ‘आम्हाला आमचं आमचं राहू द्या’ म्हणत आला. पण गोठ्यातलं शेण आणि शेतातलं खत पावसाबरोबर उतरून तळ्यात जातं. काठावरच्या बंगल्यांच्या सेप्टिक टाक्याही तिकडेच झिरपतात. अलीकडे उन्हाळ्यात या सरोवरांवर विषारी शेवाळाची साय धरते, आणि काठावरचे लोक पितात ते हेच पाणी.

क्यूकाच्या काठच्या आठ स्थानिक संस्थांनी, म्हणजे शेजारच्या काउंटीतल्यांनीसुद्धा, १९९० च्या दशकात एक सहकारी मंडळ केलं. काम काय? सेप्टिक टाक्यांची तपासणी, सगळ्यांना एकच नियम. मला या अख्ख्या इतिहासात ही घटना सर्वांत मोठी वाटते. फ्रेंडना जे प्रवचनांनी साधलं नाही ते संडासाच्या टाक्यांनी साधलं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल, हसा.

सेनेकाचं तसं झालेलं नाही. ते सरोवर अनेक काउंट्यांत वाटलं गेलंय. ड्रेस्डेनला, इंगरसॉलच्या घरापासून जवळच, १९३७ पासूनचं एक कोळशाचं वीजकेंद्र होतं. ते बंद पडलं, मग २०१७ मध्ये नैसर्गिक वायूवर पुन्हा सुरू झालं, आणि पुढे त्या विजेवर बिटकॉइन या डिजिटल चलनाची यंत्रं घरघरायला लागली. थंड करायला पाणी सरोवराचं, आणि गरम झालेलं पाणी पुन्हा सरोवरात. वाइनवाले आणि बंगलेवाले विरोधात उभे राहिले. नोकऱ्या आणि कर मिळतो म्हणून काहीजण बाजूने. काठावर बसून याचा निवाडा करणारं मंडळ तिथे नव्हतं. त्यामुळे प्रकरण राजधानी ऑल्बनीला गेलं. २०२२ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने हवेत धूर-वायू सोडण्याच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं, आणि कंपनी कोर्टात गेली.