बॅग उघडली नाही

(काळा पडदा. फक्त लोकलची धडधड.)

निवेदन :
शेतात एक माणूस मरून पडलाय. कपडे धड, खिशातले पैसे जागच्या जागी. शेजारी एक बॅग, न उघडलेली. चहूकडे नांगरलेली ओली माती, पण तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. मेलेल्याचंही नाही. काय झालं असेल?

(संध्याकाळ. विरार फास्ट, सेकंड क्लास. समोरासमोरच्या बाकांवरचा नेहमीचा ग्रुप.)

हे कोडं जगभर फिरलेलं आहे. या डब्यात त्यावर पहिला प्रश्न येतो तो असा : "बॅगेत बॉम्ब होता का?" बेवारस वस्तूला हात लावू नका, ही उद्घोषणा ऐकत ज्यांची अर्धी नोकरी गेली, त्यांनी दुसरं काय विचारायचं? दुसरा प्रश्न लगेच : "शेत त्याचंच होतं का?"

कोडं घालणारे काका म्हणतात, "संबंध नाही."

त्यांना तीनच उत्तरांची मुभा आहे. हो, नाही आणि संबंध नाही. त्यातलं हे तिसरं लोकांना फुकट गेल्यासारखं वाटतं, पण खरी कमाई तिथेच असते. भाऊबंदकी, बांधाचं भांडण, सातबारा... सगळं एका फटक्यात बाद.

नवखा माणूस थेट उत्तरावर उडी मारतो. वीज पडली? साप चावला? हार्ट अटॅक? प्रत्येक 'नाही'मागे एकच शक्यता गळते. मुरलेला गडी निम्मं मैदान साफ करणारा प्रश्न शोधतो : "इथे पोचला तेव्हा जिवंत होता का?" प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या होत गेल्या, तर २० प्रश्नांत १० लाखांहून जास्त शक्यतांमधली एक हाती लागते. चर्चगेट ते विरार अंतर ६० किलोमीटर. वीस प्रश्न बोरिवलीच्या आत संपतात.

(क्लोजअप : काकांच्या मांडीवर डब्याची पिशवी. बोटं तिच्या बंदाशी चाळा करतायत.)

"चालत आला?" नाही. "ट्रॅक्टर, बैलगाडी, काही?" नाही. फोर्थ सीटवरचा, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथा टेकलेला, वैतागतो. "मग काय उडत आला?"

"हो," काका म्हणतात.

मग दोन मिनिटांत सुटतं. बॅगेत पॅराशूट होतं. ते उघडलंच नाही.

अडलं होतं ते बॅगेपाशी. बॅग म्हणजे सामान न्यायची वस्तू, हे सगळ्यांनी न विचारताच धरून ठेवलं होतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांच्या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच दिसतं. मेणबत्त्या, टाचण्या, काडेपेट्या आणि लहान खोकी द्यायची, आणि मेणबत्ती दारावर उभी लावायला सांगायचं. खोकी रिकामी दिली की बऱ्याच जणांना सुचतं : खोकं टाचणीने दाराला ठोकायचं, त्यावर मेणबत्ती ठेवायची. तीच खोकी सामानाने भरून दिली की निम्मे लोक अडकतात, कारण खोकं त्यांना नुसतं भांडं वाटतं. माल्टाचे डॉक्टर आणि लेखक एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ मध्ये अशा चाकोरी सोडून आडवाटेने विचार करण्याला 'लॅटरल थिंकिंग' हे नाव रूढ केलं आणि पुढे त्यावर शिबिरं भरू लागली. या डब्याला शिबिराची गरज नाही.

काही कोडी मात्र इथल्याच पाण्याची. घर विरारला, ऑफिस अंधेरीला, पण एक बाई संध्याकाळी चर्चगेटच्या गाडीत चढते. का? मुंबईकर एकही प्रश्न न विचारता सांगेल : सीटसाठी. रिटर्न मारते, म्हणजे उलट दिशेला चर्चगेटपर्यंत जाते आणि तीच गाडी विरारकडे फिरली की सीट न सोडता परत येते. ग्रुपमधल्या एकाचा नागपूरचा पाहुणा यावर दहिसरपासून भाईंदरपर्यंत झुंजला. बाईचा नवरा, माहेर, प्रियकर, सगळं विचारून झालं.

(वसईची खाडी. खिडकीबाहेर काळं पाणी.)

आणि एक कोडं हा ग्रुप घालत नाही. माणूस रस्त्याच्या मधोमध, आपल्याच बंद गाडीत मरतो. ते इथे कोडं होऊच शकत नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. गाडीची वीज बंद पडल्यावर काच खाली येईना, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना, आणि माणसं आत अडकून गेली. शेतातल्या त्या माणसाला नाव नाही, घर नाही, म्हणूनच त्याच्या मरणावर चहा पीत डोकं चालवता येतं. नाव असलेल्या मरणाशी हा खेळ खेळू नये, असं मला वाटतं. ग्रुपने तसा नियम कधी केलेला नाही, पण पाळतात सगळे.

(नायगाव. गर्दी उतरते. काका पुढचं कोडं काढतात.)

एक माणूस बारमध्ये येतो, पाणी मागतो. मालक त्याच्यावर पिस्तूल रोखतो. माणूस "थँक्यू" म्हणतो आणि पाणी न पिताच निघून जातो.

"ओळखीचे होते?" संबंध नाही. "मालकाला त्याला मारायचं होतं?" नाही. "आजारी होता का हो?" काका घुटमळतात. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पोरं भरकटतील. "बघा बुवा, आजार म्हणण्याइतकं काही नाही. पण होतं काहीतरी."

वसई गेलं.

"मग घाबरवायचं होतं?"

"हो!"

नालासोपारा येईपर्यंत दरवाजात उभ्या असलेल्या, या ग्रुपमध्ये नसलेल्या एका पोराने जोरात उचकी काढून दाखवली.

काका चिडले. "तू कोण रे? तुला कोणी विचारलं?"