तळपायातले काळे ठिपके

हा तळपाय जरा जवळून पाहू. बोटांच्या खाली, जिथे सगळा भार येतो, तिथे पिवळसर, खरखरीत असा एक गोल आहे. घरात सगळे म्हणतात, कुरूप झालंय. डॉक्टर वरचा निबर थर अलगद खरवडतात आणि आत मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसू लागतात. लोक त्यांना चामखिळीची मुळं समजतात आणि उपटायला जातात. ती मुळं नाहीत. त्या बारीक रक्तवाहिन्या आहेत, आत रक्त गोठून काळ्या पडलेल्या. शिवाय त्वचेवरच्या रेषा या गोलाच्या कडेला येऊन थांबल्यात. कुरुपावरून त्या सरळ जातात. तेव्हा ही चामखीळ.

ती होते एचपीव्ही या विषाणूमुळे. १९०७ मध्ये इटलीत जुझेप्पे चुफो यांनी चामखिळीचा अर्क जिवाणूही अडतील अशा बारीक गाळणीतून काढून टोचला, तरी चामखीळ उगवली. म्हणजे कारण जिवाणूहूनही बारीक होतं. ब्लेडने कापली की हाच विषाणू आजूबाजूला पसरतो. म्हणून कळकळीची विनंती, ब्लेड हातात घेऊ नका. लसूण किंवा व्हिनेगर बांधून ठेवल्याने कातडी भाजल्याची उदाहरणं आहेत.

घरी करण्याजोगा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड, निबर कातडी मऊ करून सोलणारं औषध. रोज पाय पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचा, पांढरा पडलेला थर घासायचा, भोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावायचं आणि औषध फक्त चामखिळीवर. घासायची कानस दुसऱ्या कशाला वापरायची नाही. हे बारा आठवडे. बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात कंटाळून सोडतात, आणि मग औषधाला दोष देतात.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, चामखीळ चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर असेल, तर हे औषध स्वतःहून लावू नका. रंग बदलणारा, रक्त येणारा डागही आधी डॉक्टरांना दाखवा. मानेवर लोंबणाऱ्या मऊ गाठींनाही आपण चामखीळच म्हणतो, पण त्या वेगळ्या. त्यांच्यावर ॲसिड नको.

दवाखान्यात द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. उणे १९६ अंशांचा हा द्रव लागताच चांगलंच झोंबतं, नंतर फोड येऊ शकतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं. मग हा उपाय ॲसिडपेक्षा सरस का? २०११ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या एका चाचणीत तळपायाच्या चामखिळींवर दोन्ही उपाय ताडून पाहिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेले होते फक्त १४ टक्के. लेझरने किंवा विजेच्या सुईने जाळताही येते, पण तळव्यावर व्रण राहिला तर चालताना तोच टोचत राहतो. हट्टी चामखिळीत इंजेक्शन देऊन शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचाही प्रयत्न होतो.

कारण शेवटी विषाणूला ओळखायचं असतं शरीरानेच. लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. दुखत नसेल तर थांबायला काहीच हरकत नाही.

आता हाच पाय, काही महिन्यांनंतर. ठिपके नाहीत. तळव्याच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सरळ गेल्यात. औषध बंद करायचं ते आता.