कर्ज कुठे दुखतं

नमस्कार मंडळी. विषयाचं नाव संयोजकांनी 'कर्ज आणि मन' असं ठेवलं आहे, त्यामुळे व्याजाचे दर आणि हप्त्यांची फेररचना याबद्दल मी आज बोलणार नाही. गेली वीस वर्षं मी कर्जात असलेल्या माणसांसमोर बसते, त्यांचे कागद त्यांच्याबरोबर वाचते. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगून टाकते. कर्ज किती आहे, यावरून माणसाला ते किती दुखतं हे कळत नाही. ते त्याला कोणापासून लपवावं लागतंय हे कळलं, की बरंचसं कळतं.

एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ आले. नीट इस्त्री केलेला शर्ट, बोलणं हळू. त्यांनी एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली. आत चौदा महिन्यांची पाकिटं होती. थकबाकीच्या नोटिसा, खात्याचे उतारे, सगळं. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. पण एकही फेकलेलंही नव्हतं. सगळी तारखेप्रमाणे लावलेली, दर तीन महिन्यांच्या गठ्ठ्याला रबर. ते म्हणाले, "बाई, मी निष्काळजी माणूस नाही हो." मला ते त्यांनी सांगायच्या आधीच पटलं होतं. निष्काळजी माणूस पाकिटं टाकून देतो. तारखेप्रमाणे लावतो तो घाबरलेला माणूस.

या वागण्याला अभ्यासकांनी शहामृगाचं नाव दिलं आहे. बाजार पडतो तेव्हा गुंतवणूकदार आपलं खातं कमी वेळा उघडून बघतात, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. वाळूत डोकं खुपसणारा पक्षी, ही त्यामागची कल्पना. मला हे नाव अपुरं वाटतं. त्या गृहस्थांना पाकिटात काय आहे हे ठाऊक होतं. आकडा ठाऊक नव्हता, इतकंच. आणि आकडा माहीत नसला की रात्री दोन वाजता मन स्वतःच आकडा तयार करतं, तो खऱ्यापेक्षा नेहमी मोठा असतो. त्या दिवशी आम्ही दोघांनी सगळी पाकिटं फोडून बेरीज केली. त्यांनी मनात धरलेल्या रकमेच्या ती निम्मीसुद्धा नव्हती. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग पाणी मागितलं.

आपल्या भाषेकडे जरा बघा. कर्ज डोक्यावर असतं, अंगावर येतं, त्याचा डोंगर होतो, त्यात माणूस बुडतो. सगळी क्रियापदं शरीराची आहेत. कर्ज 'फिटतं' आणि माणूस 'सुटतो'. दुसरीकडे 'ऋण' हा शब्द आपण किती प्रेमाने वापरतो! आईवडिलांच्या ऋणात, गुरूच्या ऋणात राहायला आपल्याला आवडतं, ज्यांच्याशी सूर जुळतात त्यांच्याशी ऋणानुबंध असतात. जर्मन भाषेत मात्र 'शुल्ड' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, कर्ज आणि अपराध. माझ्यासमोर येणारी बहुतेक माणसं मराठी बोलतात आणि मनात जर्मन अर्थ बाळगून येतात. त्यांनी कोणाचं काही चोरलेलं नसतं. आजारपण, गेलेली नोकरी, न चाललेला धंदा, भावासाठी राहिलेला जामीन, अशी कारणं असतात. तरी बोलताना त्यांचा सूर कबुलीजबाबाचा असतो.

ही लाज किती खोल जाते, याचं मला सतत आठवणारं उदाहरण चार्ल्स डिकन्सचं आहे. १८२४ साली त्याच्या वडिलांना कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं. त्या काळी इंग्लंडमध्ये देणं थकलं म्हणून माणसाला कैद करता येत असे, ते बहुतांशी थांबलं १८६९ च्या कायद्याने. चार्ल्स बारा वर्षांचा होता. शाळा सुटली आणि बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवायचं काम त्याच्या वाट्याला आलं. वडील काही महिन्यांत सुटलेही. पुढे हा मुलगा इंग्रजीतला सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार झाला, कर्जदारांचे तुरुंग त्याने कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा रंगवले. पण 'यातला एक मुलगा मी होतो' हे वाचकांना त्याने कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं ते १८७० मध्ये तो गेल्यानंतर, एका जवळच्या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून. विचार करा. कर्ज त्याचं नव्हतं, वडिलांचं होतं. ते कधीच मिटलं होतं. कीर्ती होती, पैसा होता. तरीही चाळीसहून अधिक वर्षं लोकांसमोर तोंड उघडलं नाही. म्हणून कोणी मला म्हणतं, "मुलांना यातलं काही माहीत नाही," तेव्हा मी गप्प राहते. मुलांना माहीत असतं. रक्कम माहीत नसते. फोन वाजला की घरात सगळे थांबतात, हे त्यांना बरोबर कळतं.

आता लाजेपेक्षा वेगळी एक भावना. तिला मराठीत अचूक शब्द आहे, 'मिंधेपणा'. तो बँकेच्या कर्जात फारसा नसतो, जवळच्या माणसाकडून घेतलेल्या पैशात असतो. तो मला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक आहे. अडचणीच्या काळात मी माझ्या थोरल्या बहिणीकडून पैसे घेतले होते. तिने तारीख विचारली नाही, कागद केला नाही, नंतर एकदाही विषय काढला नाही. आणि मी दोन वर्षं तिला टाळलं. तिचा फोन आला की नंतर करते म्हणायचे. घरी गेले तर अंगावर नवं काही दिसू नये याची काळजी घ्यायचे. ती माझ्याकडे नुसती बघत असली, तरी मला वाटायचं की तिच्या मनात हिशेब चालला आहे. बँकेचा तगादा मला झोपू देत नसे हे खरं, पण त्या तगाद्याला मी उत्तर तरी देऊ शकत होते. ताईच्या न मागण्याला माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

पुढे पैसे परत केले तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं म्हणून तू येत नाहीस." दोन वर्षं तिनेही काहीतरी सोसलं होतं, आणि तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तेव्हापासून मी लोकांना सांगते की घरातल्या माणसाला पैसे द्याल तेव्हा परतफेडीबद्दल दोन वाक्यं बोला. तारीख ठरवा, अगदी लांबची ठरवा. तो परकेपणा नाही. तारीख असली की त्या दिवसापर्यंत घेणाऱ्याला तुमच्या घरी निर्धास्त येता येतं.

काही कर्जं मनाला हलकी वाटतात आणि काही जड, हेही रकमेवर ठरत नाही. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोन अभ्यासकांनी १९९८ साली याचा सुरेख विचार मांडला. त्यांनी लोकांना विचारलं होतं, सहलीचे पैसे आधी हप्त्यांनी भरून टाकाल की परत आल्यावर भरत राहाल? व्याज नाही, रक्कम तीच. बहुतेकांनी आधी भरणं पसंत केलं. कपडे धुण्याच्या यंत्राच्या बाबतीत मात्र उत्तर उलटं आलं, नंतर हप्ते चालतील. कारण यंत्र घरात असतं, दर धुण्याला ते आपल्या हप्त्याचं समर्थन करतं. सहल संपलेली असते. जे भोगून झालं, त्याचे पैसे भरत राहणं माणसाला फार जड जातं. उपचारांसाठी काढलेलं कर्ज आठवा, आणि ज्याच्यासाठी काढलं तो माणूस वाचलेला नाही असं समजा. त्याकडे मी शेवटी येईन.

लाज आणि मिंधेपणा यांच्याइतकं न दिसणारं आणखी एक नुकसान असतं. डोकं भरून जातं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, अशा दोन्ही वेळी त्याच माणसांना विचारशक्तीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. आधीची कामगिरी नंतरच्यापेक्षा स्पष्टपणे कमी होती. माणूस तोच, बुद्धी तीच.

सिंगापूरचा २०१९ मधला अभ्यास मला याहून मोलाचा वाटतो. तिथे एका धर्मादाय योजनेने कमी उत्पन्नाच्या, दीर्घकाळ कर्जात असलेल्या लोकांची देणी फेडली. अशा १९६ जणांना आधी आणि तीन महिन्यांनी तपासलं. त्यांची चिंता कमी झाली, विचार करण्याच्या चाचण्यांत ते सुधारले. पण खरी गोष्ट पुढे आहे. समान रकमेची मदत मिळालेल्या दोघांत, ज्याची जास्त खाती पूर्ण बंद झाली तो जास्त सावरला. मन रक्कम मोजत नाही, घेणेकरी मोजतं! सहा ठिकाणची लहान देणी म्हणजे सहा तारखा, सहा आवाज, सहा खोटी कारणं लक्षात ठेवायची. याची टोपी त्याला घालताना कोणाला काय सांगितलं, हेसुद्धा पाठ ठेवावं लागतं. हिशेबाने पाहिलं तर जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडावं, त्यात पैसा वाचतो, आणि मीही तसंच सांगत असे. आता समोरचा माणूस फारच थकलेला दिसला, तर मी म्हणते, आधी एखादं लहान खातं संपवा. थोडं व्याज जास्त जाईल, जाऊ द्या. एक आवाज तरी बंद होईल.

फेडण्याच्या जिद्दीबद्दलही एक सांगायला हवं, कारण तिचं आपण फार कौतुक करतो. वॉल्टर स्कॉट हा कादंबरीकार १८२६ साली प्रकाशन-व्यवहारात बुडाला. दिवाळखोरी त्याने नाकारली. मी लिहून फेडेन म्हणाला आणि खरंच लिहीत सुटला. प्रकृती ढासळली तरी थांबला नाही. १८३२ मध्ये तो गेला, उरलेलं देणं त्याच्या पुस्तकांच्या उत्पन्नातून नंतर फिटलं. लहानपणी ही गोष्ट मला आदर्श म्हणून सांगितली होती. आज ती ऐकताना मला त्या माणसाची काळजी वाटते. स्वाभिमान मोलाचा आहे. पण कायद्याने दिलेली सूट मागणाऱ्याला आपण नादार म्हणून हिणवतो, तेव्हा असे किती जण आपण शरीर झिजवून फेडायला पाठवतो?

तशीच आपली एक म्हण, 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' म्हण खोटी नाही. मात्र ज्याचं अंथरूणच कोणीतरी ओढून नेलं आहे, त्याच्या तोंडावर ती म्हणू नये. कर्जात असलेल्या माणसाला ती पाठ असते, रोज रात्री तो ती स्वतःला ऐकवत असतो. त्याने तुम्हाला सांगायचं धाडस केलं, तर 'कसं काय झालं?' हा प्रश्न पहिला विचारू नका. 'एकूण किती आहे, आपण लिहून काढू या का?' असं विचारा. आणि तो बोलत असताना त्याच्याकडे बघा, घरातल्या वस्तूंकडे नको. त्याला तुमची नजर कळते.

आणि ज्यांच्या मनात मरण्याचे विचार येतात, त्यांच्याबद्दल थेट बोलते. असे विचार येतात. देणं जितकं लपवलेलं, तितके ते जवळ येतात, असं मी पाहिलं आहे. कोणी 'मी गेलो तर सगळं मिटेल' असं सहज बोलल्यासारखं बोललं, तर ते सहज समजू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांपर्यंत किंवा समुपदेशकापर्यंत न्या. कर्जावर तडजोड होते, मुदत मिळते, सूट मिळते. त्यासाठी माणूस असावा लागतो.

मघाशी म्हटलं होतं, त्याकडे येते. एका बाईंनी नवऱ्याच्या उपचारांचं कर्ज साडेसहा वर्षं फेडलं. नवरा पहिल्याच वर्षी गेला होता. शेवटचा हप्ता भरून त्या माझ्याकडे आल्या, हातात कर्ज संपल्याचं पत्र. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले, तेव्हा संख्यांना धन आणि ऋण अशीच नावं दिली होती. शून्यातून ऋण वजा केलं की धन उरतं, असा त्यातला एक नियम आहे. मला वाटलं, बाई आज श्रीमंत झाल्या. मी त्यांचं अभिनंदन केलं.

त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "दर महिन्याच्या पाच तारखेला मी त्यांच्यासाठी काहीतरी करत होते. आता पुढच्या पाच तारखेला काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही बसलो, आणि त्या पहिल्यांदा कर्जाबद्दल न बोलता नवऱ्याबद्दल बोलल्या.