गच्चीची किल्ली कोणाकडे असते?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीत एका नव्या सुनेची मंगळागौर होती. तळमजल्यावरच्या काकू, वय बासष्ट, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून खेळ बघत होत्या. नव्या सुनेनंच त्यांना हात धरून उठवलं. काकू क्षणभर घुटमळल्या, मग पदर कमरेला खोचला, तिचे हात कात्रीत धरले, पावलाला पाऊल भिडवलं आणि मागं झुकल्या. फुगडीत आपला तोल समोरचीच्या हातात सोपवायचा असतो. इतक्या वर्षांनीही त्यांचं अंग ते विसरलं नव्हतं. दहा-बारा गिरक्या झाल्या. थांबल्या तेव्हा धाप लागली होती, चेहरा लालबुंद. म्हणाल्या, "अगं, मला अजून येतंय की!"

काकू कोपऱ्यात का बसल्या होत्या? त्यांचे यजमान गेले आहेत. मंगळागौर लग्नानंतर पहिली पाच वर्षं पूजतात, आणि तिच्या खेळांनाही सौभाग्याची अट चिकटली. पूजा ज्यानं त्यानं आपल्या रीतीनं करावी. पण झिम्म्याला अट कशाची? ही गोष्ट मला फार लागते.

आणि सवाष्णींचं तरी काय? मुलगा क्रिकेटला जातो, मुलगी कराटेला, आजोबा सकाळी फिरायला. आईबद्दल मात्र घरोघरी एकच ऐकू येतं, "ती दिवसभर पायावरच असते, तिला वेगळा व्यायाम कशाला?" ओट्याशी तासन्‌तास उभं राहून पाय भरून येतात हे खरं, पण त्यानं दम वाढत नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. मध्यम म्हणजे किती? बोलता येतं, पण गाता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. आता मंगळागौर आठवा. पिंगा घालणारीचा आवाज तुटू लागला की भोवतीच्या बायका गाणं उचलून धरतात. ती दमून बसली की दुसरी उठते. जोर, विसावा, पुन्हा जोर. आपल्या आज्या-पणज्या जागरणात रात्रभर हेच करत होत्या. शिवाय पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात, आणि पायांवर भार घेऊन केलेल्या हालचालीनं ती टिकायला मदत होते. मग हे खेळ श्रावणातच का खेळायचे?

आम्ही आता आठवड्यातून तीन दिवस गच्चीवर जमतो. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चक्कर येते किंवा रक्तदाब आहे, त्यांनी गिरक्या घ्यायच्या नाहीत. डॉक्टरांना विचारून टाळ्यांचा सावकाश झिम्मा धरायचा. लादीवर मोजे घालून फुगडी मुळीच नको, पाय सटकतो. मुलं आधी कठड्यावर बसून गिरक्या मोजायची. आता मध्ये घुसतात, त्यांनाही खेळायचं असतं. आणि त्या अर्ध्या तासात घरचा कुकर पुरुषांनी लावायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं. ते ठरलं नसतं तर दुसऱ्या दिवशी कोणी आलंच नसतं.

उद्या संध्याकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा जमणार आहोत. काकू पाच मिनिटं आधीच येऊन थांबतात. तुमच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते, तेवढं आज विचारून ठेवा.

नमस्कार.