एका पौंडात किती सूत

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

रीळ म्हटलं की कुणाला शिलाई मशीनच्या दांडीवरचं आठवतं, कुणाला कॅमेऱ्यातलं छत्तीस फोटोंचं, कुणाला टॉकीजमधलं. सिनेमाचं रीळ तर फुटांत मोजायचं. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणून हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा, ३,७०० फुटांचा. पुढे सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या छापून यायची. सोळा-सतरा दिसली की तीन तासांची निश्चिंती! मोबाइलवरच्या रीलमध्ये गुंडाळण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून तिथे मी थांबत नाही.

मला बोलायचंय ते सूतगिरणीतल्या रिळाबद्दल. सूत गुंडाळायची ही फिरती चौकट खरं तर मोजण्याचं यंत्र आहे. तिचा घेर दीड यार्ड. ऐंशी फेऱ्यांत १२० यार्ड सूत होतं, त्याला ‘ली’ म्हणतात. सात ली म्हणजे ८४० यार्डांची एक लड. एका पौंडात जितक्या लडी बसतात, तितक्या नंबरचं ते सूत. आता चाळीस नंबरचं पौंडभर सूत घ्या. वजन जेमतेम साडेचारशे ग्रॅम, पण लांबी ३३,६०० यार्ड, म्हणजे तीस किलोमीटरच्या वर. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ते अंतर ३४ किलोमीटर. ठाणे स्टेशनातून रुळांच्या कडेनं हा धागा सोडत गेलात, तर परळ मागे टाकून तो भायखळ्याला पोचेल.

म्हणजे थेट गिरणगावात. आणि तिथे हे सूत कुणाच्या हातांखालून जात होतं? बायकांच्या. मुंबईच्या गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग (सूत बॉबिनवर गुंडाळणं) आणि रिळिंग (रिळावर सुताच्या लडी काढणं) खात्यांत असत. मजुरी उक्ती, जितकं सूत उतरेल तितके पैसे. सूत कच्चं निघालं, पुन्हा पुन्हा तुटलं, की गाठी मारण्यात पाळी सरायची आणि मजुरी घटायची. हलका कापूस लावला गिरणीनं, भुर्दंड मात्र रिळिंगवालीला! वर नाईकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम; कामावर घेणं-न घेणं बरंचसं तिच्या मर्जीवर. गिरणी कामगार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साच्यावरचा, म्हणजे यंत्रावरचा पुरुषच येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ठाणे, कळवा, डोंबिवलीत गिरणगावातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. तुमच्या घरात रिळिंगमध्ये राबलेली आजी किंवा मावशी असेल, तर तिच्याजवळ बसा. पाळीत किती लडी निघायच्या, तुटलेला धागा कुठल्या गाठीनं सांधायच्या, तान्ह्या पोराला कुणाकडे ठेवून यायच्या, ते विचारा आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या.