पाइकेआचा वारसा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, गिस्बर्न शहराच्या उत्तरेला, व्हांगारा नावाचे एक लहानसे गाव आहे; ते माओरींचे, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचे. गावाच्या सभागृहाच्या छपरावर, अगदी टोकाला, देवमाशावर बसलेल्या एका पुरुषाची कोरीव आकृती दिसते. हा पाइकेआ, येथे राहणाऱ्या न्गाती कोनोही लोकांचा मूळपुरुष. त्याच्या सावत्र भावाला, रुआतापूला, वडिलांनी आईच्या कुळावरून हिणवले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून रुआतापूने थोरामोठ्यांच्या मुलांना होडीतून खोल समुद्रात नेऊन बुडवले. त्यांतून एकटा पाइकेआ वाचला आणि देवमाशाच्या पाठीवरून या भूमीला लागला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मान कोणाला मिळावा आणि तो जन्मावरून ठरावा का, हा प्रश्न या मूळ कथेतच आहे.

याच किनाऱ्याशी नाते असलेले लेखक विटी इहिमाएरा 1980च्या दशकात राजनैतिक अधिकारी म्हणून न्यूयॉर्कमध्ये राहत होते. चित्रपटांतले पराक्रम नेहमी मुलगेच का करतात, असे त्यांच्या मुलींनी त्यांना विचारले होते. त्याच सुमारास हडसन नदीत एक देवमासा शिरल्याची बातमी आली आणि त्यांना आपल्या गावाची आठवण झाली. ‘द व्हेल रायडर’ ही त्यांची कादंबरी 1987 साली प्रसिद्ध झाली. दिग्दर्शिका निकी कारो यांनी तिच्यावर केलेला चित्रपट 2002 साली टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखवण्यात आला आणि तेथील प्रेक्षकांनी त्याला आपला पुरस्कार दिला. चित्रीकरण प्रत्यक्ष व्हांगारामध्ये, गावकऱ्यांच्या सहभागाने झाले होते.

चित्रपटाची सुरुवात एका दुःखद प्रसूतीने होते. जुळ्यांपैकी मुलगा दगावतो, आईही जाते आणि मागे उरते ती मुलगी. आजोबा, कोरो अपिराना, हे गावाचे प्रमुख असून त्यांच्या घराण्यात थोरल्या मुलाकडे नेतृत्व जाण्याची रीत आहे. त्यामुळे नातवाच्या मृत्यूने त्यांच्या दृष्टीने वंशाची साखळी तुटते. त्यांचा विरोध न जुमानता वडील मुलीचे नाव पाइकेआ ठेवतात आणि दुःखाच्या भरात देश सोडून निघून जातात. मुलगी, म्हणजे पाइ, आजी-आजोबांजवळ वाढते.

या चित्रपटाचा उल्लेख होताच बहुतेकांना मुलगी देवमाशावर बसते ते दृश्य आठवते. मात्र चित्रपटाचे सारे मर्म त्याच्या कितीतरी आधी, एका साध्या प्रसंगात आलेले आहे, असे आम्हाला वाटते. कोरो होडीचे इंजिन दुरुस्त करत बसले आहेत आणि पाइ त्यांना आपल्या पूर्वजांविषयी विचारते. ते हातातली दोरी तिच्यापुढे धरतात, तिचे एकमेकांत पिळलेले धागे दाखवतात आणि यांतला प्रत्येक धागा म्हणजे तुझा एकेक पूर्वज, असे समजावतात. मग त्याच दोरीने इंजिन सुरू करू जातात, तर ती तुटते. ते दुसरी दोरी आणायला गेले असताना पाइ तुटलेली टोके जोडून गाठ मारते, दोरी ओढते आणि इंजिन सुरू होते. आनंदाने ती आजोबांना हाक मारते. ते म्हणतात, पुन्हा असे करू नकोस, ते धोक्याचे आहे. त्यांच्या स्वरात राग कमी आणि भीती जास्त आहे. अभिनेते रावीरी पाराटेने यांनी या आजोबांना खलनायक होऊ दिलेले नाही. नातीला सायकलवर पुढे बसवून घरी आणणारा हा प्रेमळ माणूस, गावाची घडी विस्कटत असल्याचे पाहून, त्याला ठाऊक असलेल्या एकमेव उपायाला घट्ट धरून बसला आहे.

तो उपाय म्हणजे थोरल्या मुलग्यांची शाळा. मंत्र, वंशावळ आणि ताइआहा या लांब लाकडी शस्त्राचे डावपेच तेथे शिकवले जातात. पाइ तेथे आली असता आजोबा तिला मुलांच्या मागे बसायला सांगतात. ती हटत नाही, तेव्हा तिला निघून जावे लागते. ती लपून पाहते आणि काकांकडून ताइआहा शिकून घेते. शेवटच्या परीक्षेत आजोबा आपल्या गळ्यातला देवमाशाचा दात समुद्रात टाकतात. एकाही मुलाला तो सापडत नाही. पुढे पाइ बुडी मारून तो वर आणते, पण आजोबांना हे कळत नाही. कारण आजी, नॅनी फ्लॉवर्स, इतक्यात त्यांना सांगू नये असे ठरवते.

ही मुलगी परंपरेच्या विरोधात उभी नाही, हे येथे नीट लक्षात घ्यायला हवे. गावात ती परंपरा मनापासून जपणारे जे थोडे उरले आहेत, त्यांत तीच सर्वांत पुढे आहे. शाळेच्या समारंभात ती आजोबांसाठी भाषण करते, तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी असते. अश्रू आवरत नसतानाही ती त्यांना दोष देत नाही; ज्ञान सर्वांना दिले तर पुष्कळ नेते तयार होतील, एवढेच म्हणते. ही भूमिका करणारी केइशा कासल-ह्यूज पुढे 13 व्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकित झाली; या विभागात तोवर इतक्या लहान वयाच्या कोणालाही नामांकन मिळाले नव्हते. चित्रपटात समारंभाच्या त्याच रात्री देवमासे किनाऱ्यावर येऊन अडकतात आणि पाइ त्यांच्या म्होरक्याच्या पाठीवर बसून त्याला समुद्रात नेते. आजी तो दात आजोबांच्या हातात ठेवते, तेव्हाही ते विचारतात, कोणत्या मुलाने आणला? आजीचा संताप पाहून त्यांना उत्तर मिळते.

काही माओरी अभ्यासकांनी या चित्रपटावर गंभीर आक्षेप घेतले आहेत, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. माओरी समाज मुळातच पुरुषप्रधान आणि हटवादी होता, असा समज यातून जगभर पसरतो, असे ते म्हणतात. दिग्दर्शिका स्वतः माओरी नाहीत, याकडेही लक्ष वेधले गेले. मराएवर, म्हणजे सभागृहापुढील पवित्र पटांगणावर, औपचारिक भाषण बहुधा पुरुष करतात हे खरे असले, तरी पाहुण्यांना आत बोलावणारी पहिली हाक स्त्रीच देते आणि तिच्याशिवाय स्वागत सुरू होत नाही. व्हांगारा ज्या न्गाती पोरोउ जमातीच्या प्रदेशात येते, तेथे तर थोर कुळातील स्त्रियांनी मराएवर भाषण करण्याचीही प्रथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच किनाऱ्यावर हिनेमातिओरो नावाच्या स्त्रीचा अधिकार एवढा मोठा होता, की युरोपीय लोक तिला राणी म्हणत. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात 1840 मध्ये झालेल्या वाइटांगी करारावर काही माओरी स्त्री-प्रमुखांनीही खुणा केल्या होत्या. मात्र करारावर सह्या गोळा करत फिरणारे सगळेच ब्रिटिश अधिकारी त्यांना तसा अधिकार मानायला तयार नव्हते. हा इतिहास चित्रपटात हवा होता. तो असता, तर कोरो ज्या रीतीला अनादी समजतात ती वारशाची एकच बाजू आहे, हे प्रेक्षकांना दिसले असते.

स्त्रियांनी कारभारात आपला हक्क उघडपणे मागितल्याचीही नोंद आहे. मे 1893 मध्ये मेरी ते ताइ मांगाकाहिआ यांनी वाइपाटू येथे भरलेल्या माओरींच्या स्वतःच्या संसदेपुढे उभे राहून स्त्रियांना मतदानाचा आणि सभासदत्वाचा अधिकार मागितला. अनेक माओरी स्त्रिया स्वतः जमिनीच्या मालक आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडमधील सर्व स्त्रियांना देशाच्या संसदेसाठी मतदानाचा हक्क मिळाला. संसदेची निवडणूक लढवण्याचा हक्क मिळायला मात्र 1919 साल उजाडावे लागले.

देशाच्या दुसऱ्या भागात, वाइकाटो प्रदेशात, माओरी राजपदाची परंपरा 1858 पासून चालत आली आहे. ते पद 1966 ते 2006 अशी चाळीस वर्षे ते आताइरांगिकाहू या राणीने सांभाळले. तिच्यानंतर तिचा मुलगा तुहेइतिआ राजा झाला. ऑगस्ट 2024 मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा जमातींच्या प्रमुखांनी त्याचे दोन थोरले मुलगे असतानाही सर्वांत धाकट्या मुलीची निवड केली. 5 सप्टेंबर रोजी, वयाच्या 27 व्या वर्षी, न्गा वाइ होनो इ ते पो राणीपदी बसली.