आठी दिसते, राग दिसतो का?

पडद्यावरचा हा चेहरा पाहा. डोळे गच्च मिटलेले, तोंड वासलेलं. अटीतटीच्या टेनिस सामन्यात या खेळाडूचा एक गुण नुकताच संपलाय. तो त्यानं जिंकला की गमावला?

२०१२ साली हिलेल अवीझर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी अशी छायाचित्रं लोकांना दाखवली. नुसता चेहरा पाहून जिंकलेला कोण आणि हरलेला कोण, हे लोकांना सांगता येईना. चेहरा काढून टाकून फक्त शरीर दाखवलं, तेव्हा मात्र ते ओळखता आलं. आणि खरी गंमत पुढे आहे. पूर्ण छायाचित्र समोर असलं की उत्तर शरीरावरून मिळत होतं, पण लोकांना वाटत होतं की ते चेहऱ्यावरच दिसतंय.

चेहऱ्यावरून मनातलं ओळखता येतं का, हा प्रश्न जुना आहे. १८६२ साली फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी एका म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याला विजेचे सौम्य झटके देऊन एकेक स्नायू आकसायला लावला आणि त्याची छायाचित्रं काढली. त्या माणसाच्या चेहऱ्याला संवेदना फारशी नव्हती, त्यामुळे त्याला वेदना होत नव्हत्या. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू मनात आणलं की हलतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा मनापासून हसू आल्यावरच आकसतो, असं द्युशेन यांचं म्हणणं होतं.

यातली काही छायाचित्रं चार्ल्स डार्विन यांनी वीसहून अधिक लोकांना दाखवली. कसलंही स्पष्टीकरण न देता एवढंच विचारलं, या माणसाच्या मनात काय चाललंय? काही भाव जवळजवळ सगळ्यांनी लगेच ओळखले. काहींच्या बाबतीत मात्र उत्तरं पार वेगवेगळी आली. १८७२ च्या आपल्या ग्रंथात डार्विन यांनी स्वतःविषयीही मोकळेपणानं लिहिलंय: द्युशेन यांचा मजकूर वाचत छायाचित्रं पाहिली तेव्हा ती फार खरी वाटली, पण मजकुराविना पाहिली असती तर आपलाही गोंधळ उडाला असता. मला हे वाक्य या संपूर्ण विषयाचं मर्म वाटतं. चित्राखाली काय लिहिलंय, ते कळलं की चित्रात तेच दिसू लागतं.

आपला मेंदू चेहरा वाचतो तेव्हा कुठे पाहायचं, हेही ठरवत असतो. मेंदूतला अमिग्डाला हा छोटा भाग निकामी झालेल्या एका स्त्रीला घाबरलेला चेहरा ओळखताच येत नसे. राल्फ अडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांना २००५ मध्ये त्याचं कारण सापडलं. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नव्हती. ‘डोळ्यांकडे पाहा’ असं सांगितल्यावर तिला भीती ओळखता आली. सूचना थांबली की नजर पुन्हा डोळ्यांवरून निसटायची.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेले. एक छोटी गोष्ट सांगायची, तिला साजेसा चेहरा दोन-तीन छायाचित्रांतून निवडायला लावायचं. लोकांनी बरेचदा अपेक्षित चेहरे निवडले. भीती आणि आश्चर्य यांत मात्र घोटाळा झाला. यातून आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य, या सहा भावना जगभर एकाच रीतीनं चेहऱ्यावर उमटतात, हा विचार रुजला. पुढे २०१६ मध्ये कार्लोस क्रिव्हेली आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्याच ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलं, तर ज्या विस्फारलेल्या चेहऱ्याला इतरत्र भीतीचा म्हणतात, तो तिथल्या अनेकांना धमकावणारा वाटला.

एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांचं दुसरं काम अधिक टिकाऊ ठरलं. १९७८ साली त्यांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. क्रमांक ४ म्हणजे भुवया खाली येऊन जवळ येणं, १२ म्हणजे ओठांचे कोपरे वर जाणं. या नोंदीत भावनेचं नाव येत नाही, फक्त हालचाल येते.

आता चेहऱ्यावरून भावना ओळखणारा संगणक. तो आधी चित्रातला चेहरा शोधतो, मग हजारो उदाहरणांवरून शिकलेल्या आकारांशी तो ताडून पाहतो. २०१३ सालचा एक गाजलेला संच घ्या. त्यात ३५,८८७ छायाचित्रं, प्रत्येक अवघ्या ४८ गुणिले ४८ पिक्सेलचं, रंगाविना. ती इंटरनेटवर भावनांचे शब्द शोधून गोळा केलेली, आणि प्रत्येकाला सातांपैकी एक लेबल. त्या व्यक्तीला तेव्हा काय वाटत होतं, हे कोणीही तिला विचारलेलं नाही. म्हणजे संगणक शिकतो ते, माणसं अशा चेहऱ्याला काय म्हणतील, एवढंच.

लोक चेहऱ्याला काय म्हणतील आणि मनात खरंच काय आहे, हा फरक फार महागात पडू शकतो. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात ती सुमारे ३० टक्के वेळा. उरलेल्या वेळी राग काही वेगळंच रूप घेतो. आणि आठ्या तर मन लावून विचार करतानाही पडतात. लॉरेन ऱ्यू यांनी बास्केटबॉलपटूंची छायाचित्रं भावना ओळखणाऱ्या दोन व्यावसायिक संगणक प्रणालींना दिली, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वाट्याला नकारात्मक भावना जास्त आल्या. नोकरीच्या मुलाखतीत किंवा वर्गात असं यंत्र बसवणं मला सरळसरळ अन्याय वाटतो.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सुविधा मागे घेण्याचं जाहीर केलं. युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी अशा प्रणालींना बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली आहेत.

ती वैद्यकीय सूट योग्यच आहे, आणि त्या क्षेत्रातलं एक काम आवर्जून सांगायला हवं. २०११ मध्ये खांदेदुखीच्या रुग्णांच्या चित्रफितींचा एक संच, चेहऱ्यावरून वेदना ओळखण्यावर काम करणाऱ्या संशोधकांसाठी खुला झाला. यात कोणी अभिनय करत नव्हतं. रुग्ण दुखरा खांदा खरोखर हलवत होते. भुवया कधी खाली आल्या, डोळे कधी मिटले, याची चौकटीगणिक नोंद झाली. शिवाय प्रत्येक हालचालीनंतर किती दुखलं, हे ज्याचा खांदा होता त्यालाच विचारलं गेलं.